नारायणाच्या घशातला खोकला

श्रावण वद्य चतुर्थी, दिवेलागण

आज घडलं ते लिहून ठेवते. सरकार पंडितांना श्रावणात देतं त्या दक्षिणेसाठी पुण्यात आलेले नवे ग्रंथ माझा मुलगा विष्णू तपासतो. चोरीचा माल खपू नये म्हणून पोथी मिटून कर्त्याला तोंडाने म्हणायला लावतो. आज नारायण आला. ह्यांचा विद्यार्थी, माझ्या हातचं खाऊन वाढलेला. आणलेली टीका, श्लोकांवरचं भाष्य, आपणच रचली म्हणाला.

तिसऱ्या श्लोकापाशी तो थांबला आणि खोकला. ह्यांचाच दम्याचा खोकला, आधी कोरडा, मग कण्हल्यासारखा. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी मी आत पाण्याचा तांब्या घेऊन उठले. वेड लागलं का मला?

विष्णूने पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तिथंच खोकला. विष्णू पांढराफटक.

"नारायणा, खोकला कधीपासून रे?" मी दाराआडून विचारलं.

"कुठला खोकला, मातोश्री? मी खोकलोच नाही."

"टीकेबरोबर दमाही उचललास वाटतं."

ते ऐकताच त्याने सगळं कबूल केलं. ह्यांनी हयातभर रचलेली टीका. विष्णू तेव्हा काशीला, म्हणून ह्यांनी ती नारायणालाच तोंडी शिकवली होती. सगळं कबूल केलं. विष्णूने टीकेवर ह्यांचं नाव घातलं.

जाताना नारायण हात जोडून म्हणाला, "मातोश्री, गुरुजींना सांगा, मला सोडा. पाठ म्हणायला बसलो की माझा आवाज माझा राहत नाही."

मी म्हटलं, "अरे, जिवंतपणी त्यांनी माझं कधी ऐकलं नाही, आता काय ऐकणार?"