गाठींच्या पाच जागा

ताईस,

सिलिकॉनचे बारा स्तन, त्यांचा साचा, आतल्या वाटाण्याएवढ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंतच्या साठ गाठी. सगळं मी स्वतःच्या हातांनी केलं, कुणी शिकवलं नाही. कर्करोग तपासणी केंद्रातल्या नव्या नर्सना हाताने गाठ शोधायला तू त्यांवरच शिकवायचीस. तुझी बदली झाली तेव्हा म्हणालीस, "अरे शहाण्या, प्रत्येकात गाठी वेगळ्या जागी बसव. नाहीतर पोरी जागा पाठ करतील." मी म्हणालो, "तू नर्स घडव, साच्यातलं मला कळतं."

तुझ्या जागी कुणी आलंच नाही. बाराही स्तनांत गाठी त्याच पाच जागी आहेत. पोरी तेवढ्याच जागा चाचपतात आणि दोन दिवसांत पास होतात.

त्यांतल्याच एकीने तुझ्या भावजयीला तपासलं आणि "काकू, काही नाही, खुशाल घरी जा," म्हणाली. गाठ काखेत होती. माझ्या साच्याला काखच नाही. डॉक्टर म्हणतात, वर्षभर आधी कळायला हवं होतं.

तिला मी साच्याचं सांगितलेलं नाही. हे पत्रही माझ्याने टाकवणार नाही.

तिच्या उपचारांना पैसे हवेत. काल एक कंपनीवाला हाच साचा वीस केंद्रांसाठी मागायला आला होता. मी नाही म्हणालो. चार लाख देत होता.

तुझा,
शहाणा