गिरवलेली सही

डेटन, १४ मे

प्रिय बाबा,

चेंडू पोचला. तुम्ही तो तीन मोज्यांत गुंडाळून, कॉफीच्या डब्यात घालून, डबा पुन्हा खोक्यात ठेवून पाठवलात. आमच्या लिलावघराकडे लोक लाखमोलाच्या वस्तू याहून निष्काळजीपणे पाठवतात. मोजे धुतलेले होते, त्याबद्दल आभार. आतली चिठ्ठीही वाचली: ‘सही ठळक आहे. अर्लच्या चेंडूपेक्षा जास्त यायला हवेत. बघून सांग.’

मला फोनवर नीट बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून लिहिते आहे.

नाक्यावरच्या हॉटेलात तुम्ही मला ‘चेंडूंची डॉक्टर’ म्हणता असं तुमच्या शेजाऱ्याकडून, अर्लकडून, कळलं. मी फक्त शाई बघते. शाई किती जुनी, कोणत्या प्रकारची, कागदात किंवा चामड्यात किती मुरलेली. किंमत लोक ठरवतात, आणि ती कशी ठरते हे सहा वर्षांनंतरही मला कळलेलं नाही. मागच्या महिन्यात एका जुन्या खेळाडूचा एकच बूट, दुसरा नाही, चाळीस हजार डॉलरला गेला. घेणाऱ्याने कळवलं की तळव्याचा चिखल कृपा करून काढू नका. चिखलाचे पैसे त्याने वेगळे धरले होते की काय, कोण जाणे.

तेव्हा अर्लला वॉल्ट ब्रॅनिकच्या सहीच्या चेंडूचे दीड लाख मिळाले याचं मला नवल वाटलं नाही. ब्रॅनिक तीनच मोसम बेसबॉल खेळला आणि सह्या द्यायचा कंटाळा करायचा. बाजाराला एवढं पुरतं. नवल वाटलं ते अर्लने त्या पैशांचं काय केलं याचं. त्याने घेतलेलं ते चाकांवरचं फिरतं घर आपल्या घरापेक्षा लांब आहे, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभं असतं आणि अर्ल त्यातून पत्रपेटीपर्यंतच जाऊन येतो, हे तुम्ही मला चार वेळा सांगितलंत. पाचव्यांदा तळ्याकाठच्या हिरव्या झडपांच्या घराबद्दल सांगितलंत, जिथे आपण दर जुलैत भाड्याने राहायचो. मिसेस डॉयल ते विकताहेत आणि मे अखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबणार आहेत. ओसरीवर आई टॉवेल वाळत घालायची तो आकडा अजून तिथेच आहे, एवढंच तुम्ही म्हणालात आणि मग पर्च मासे कसे तळायचे यावर बोलत राहिलात. मी ऐकत होते. सगळंच ऐकत होते.

नातेवाइकांची वस्तू तपासायची नाही असा आमचा नियम आहे. तुमचा चेंडू मी विन्स्टनला दिला. तो सव्वीस वर्षं हेच काम करतो आणि सव्वीस वर्षं दुपारी तेच सँडविच खातो. त्याचा शब्द कोर्टातही चालतो. आमच्याकडे एक दिवा आहे, त्याखाली वेगवेगळ्या शाया वेगवेगळ्या वागतात: एक नाहीशी होते, दुसरी राहते. विन्स्टनने चेंडू त्याखाली धरला आणि मला हाक मारली. वरची निळी सही गेली होती. तिच्याखाली दुसरी होती, फिकट, तीच अक्षरं, पण घाईने केलेली.

आधी चांगली बातमी. खालची सही ब्रॅनिकच्याच हातची आहे. अर्ल तीस वर्षं म्हणतोय की खेळाडू कुठले सह्या करतात, कपडे बदलायच्या खोलीतला माणूस सगळ्यांच्या नावाने चेंडू रंगवतो. या चेंडूपुरतं ते खोटं आहे. तुम्ही अकरा वर्षांचे होतात, आजोबांबरोबर गाड्यांच्या तळावर उभे होतात, हातातल्या हॉटडॉगची मोहरी चेंडूला लागली होती, आणि ब्रॅनिकने त्यावरच गाडीच्या टपाला टेकून सही केली: ही गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की मीही ती अर्धीच खरी धरली होती. पिवळट डाग आहे. सही त्याच्यावरून गेली आहे. ती मोहरी आहे हे मी शपथेवर सांगणार नाही, पण विन्स्टन लेखी सांगतो आहे की डाग आधीचा, सही नंतरची. तेवढं अर्लला वाचून दाखवा, हळूहळू.

आता दुसरी. तुम्हाला आणि अर्लला वाटतं, सही ठळक तितकी किंमत जास्त. उलट आहे. फिकट सहीला लोक पैसे देतात. गिरवलेल्या सहीला देत नाहीत. या चेंडूचे आता आपल्या दोघांच्या जेवणाइतके येतील, गोड धरून. हिरव्या झडपांचं घर त्यात बसत नाही.

मी विन्स्टनला विचारलं, ही लबाडी वाटते का. तो म्हणाला, “छे गं. लबाड माणूस भरभर लिहितो. हे कुणीतरी जीभ दातांत धरून गिरवलंय.”

तुम्ही चेंडूसाठी कारखान्यात स्वतः काचेचा घुमट फुंकून आणला होता आणि खिडकीत, भर उन्हात, मांडला होता. काचेतून ऊन आत जातं हे काचवाल्याने विसरावं यावर आई हसायची. एका संध्याकाळी पाळीवरून आल्यावर तुम्ही घुमटाशी उभे राहून, उन्हाने उडत चाललेल्या सहीकडे बघत म्हणालात, “वॉल्ट निघाला बरं का.” तुम्ही थट्टेत बोललात. मी आठ वर्षांची होते आणि मला शाळेत हस्ताक्षरासाठी निळं पेन बक्षीस मिळालं होतं.

सही मी गिरवली, बाबा. अहवाल गुरुवारी तुमच्या हाती पडेल. त्यात ‘नंतर अज्ञात व्यक्तीने गिरवलेली’ असं असेल. तशी लिहायची पद्धत आहे. ‘अज्ञात व्यक्ती’ हे दोन शब्द माझ्याआधी तुमच्यापर्यंत पोचू नयेत, म्हणून हे पत्र. मिसेस डॉयलना मी फोन केला. घर कुणीही घेवो, हा जुलै त्यांच्या हातात आहे. पहिले चौदा दिवस त्यांनी आपल्याला दिलेत. मी चौदाही दिवसांची रजा टाकली आहे. बरं वाटत नाही का, असं विन्स्टनने विचारलं. चेंडू टपालाने पाठवत नाही, घेऊन येते. आणि एक. पट्ट्यावरून सरकणाऱ्या काचेतला केसाएवढा बुडबुडा तुम्ही तीस वर्षं धरत आलात. मी सही गिरवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही घुमट उचललात, बराच वेळ बघितलंत आणि आईला म्हणालात, “अगं, वॉल्ट परत आला.” माझ्याकडे बघितलं नाहीत. तेव्हा मला वाटलं होतं, तुम्हाला कळलं नाही. आता तसं वाटत नाही. उत्तर लिहू नका. मासे तुम्ही तळा, टॉवेल मी वाळत घालीन.

तुमचीच,
लिडिया