कांडी बंद

८ जानेवारी १९७८, रविवार

लिहीन लिहीन म्हणत दिवाळी गेली, वही कोरीच! नीलाताईंनी देताना बजावलं होतं, "रोज लिही, नाहीतर विचार उडून जातात." माझे तर उडतातच. आत्ता लिहायला बसले अन् गल्लीत अस्वलवाला आला. गेले बघायला. मस्त नाचलं.

तर मुद्दा. आठवीत शाळा सुटली, उमरेड सुटलं, संत्र्यांच्या वखारीतलं काम सुटलं — अनुसयामावशीकडे मात्र टिकले. ते या रविवारच्या बैठकीमुळं. नीलाताई शहरातल्या महाल भागातून सायकलवर येतात, गल्लीतल्या बायांना भांडवलशाही समजावतात. मला वाटायचं, ती तिकडं गिरणीच्या भोंग्यापाशी राहते! पण आज म्हणाल्या, "मालकाला स्वस्त मजूर हवा, अन् मजुराला घरात फुकटची बाई. दोघांचंही तिच्याच जिवावर चालतं."

मावशी चरख्यावर मावसाजींच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. हात थांबला. "म्हणजे मी ह्यायच्यासाठी नाही, सूत देते त्या विणकर सोसायटीसाठी भरून राहिली?"

अंगावर काटा आला!

११ जानेवारी

डोक्यात तेच. मावसाजींना मुद्दाम विचारलं, मावशी काय काम करते? म्हणाले, "काही नाही, घरीच राहते." — अन् हे बोलत बोलत मावशीनंच भरलेली कांडी धोट्यात बसवली, माग सुरू केला! मी पोट धरून हसले.

"काहून हासून राहिली वं, येडी?"

१४ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवाला पुरुष फिरकत नाहीत, म्हणून बैठक त्यातच! मावशीनं वच्छलाबाईला स्वतः जाऊन आणलं. ती विधवा, तर शेजारच्या म्हातारीनं नाक मुरडलं. वच्छलाबाई म्हणे, "तुमच्या घरच्या कांड्या भराले मी चालते, अन् कुंकवाले नाही का वं?" मावशीनं पहिलं कुंकू तिलाच लावलं. मला रडू आलं. (तिळगूळ जास्त खाल्ला, तो त्याआधी.)

ठरलं! सोसायटीनं बायांनाही सभासद करावं. कांडीची मजुरी वेगळी, बाईच्या हातात. तोवर एकही कांडी भरायची नाही.

१६ जानेवारी

कांडी बंद! दुपारपर्यंत घरातल्या भरलेल्या कांड्या संपल्या अन् गल्ली गप्प. एवढी शांतता की चिमण्या ऐकू आल्या. मावसाजी रागारागानं स्वतः चरख्यावर बसले. कांडी इतकी ढिली भरली की धोटा अर्ध्यावरच अडकला, सुताचा गुंता. वच्छलाबाई दारातूनच मावसाजींना —

"का जी नत्थूजी, शेवया करून राहिले का?"

"तू जाय वं आपल्या घरी!" पण मिशीत हसले. पाहिलं मी!

१८ जानेवारी

वाईट. सोसायटीचे अध्यक्ष महादेवराव. त्यांच्या घरात दहा माग — एकही थांबला नाही. बायको गोपिकाबाई अन् दोन सुना कांड्या भरून देतात. आपल्या हळदीकुंकवालाही आल्या नव्हत्या. महादेवराव चौकात ओरडून गेले, "माझ्या घरची बाई कधी बोलली का? तुमच्याच काहून बिघडल्या गा?" सोमवारी ज्याचा माग बंद दिसेल त्याला सोसायटीचं सूत मिळणार नाही.

मावसाजी जेवले नाहीत. "सूत नाही तं खाचं काय, अनुसया?"

मावशीनं चरख्याला हातही लावला नाही.

२० जानेवारी

तीन घरांत चरखे फिरायला लागले. परत.

२२ जानेवारी, रविवार

बैठकीत मी भांडले! म्हटलं, आपण फुटतोय ते गोपिकाबाईमुळं. मालकाची बायको म्हणजे मालकच, ती आपली कोण?

नीलाताई म्हणाल्या, "माग तिच्या नावावर आहेत का? कांडीची मजुरी तिला मिळते का?"

"पण खाते तर मालकाचंच!"

मावशी मध्येच, "तू माझं खाऊन राहिली ना वं? मंग माझं ऐकून राहिली का?"

सगळ्या हसल्या. मी पण. तरी पटलं नाही. नीलाताई म्हणाल्या, "यावर शिकलेली माणसंही अजून भांडतात." म्हणजे माझ्यासारखीच! छाती फुगली. झोप येत नाही. उद्या सोमवार. जेवढ्या उरलो तेवढ्या सोसायटीच्या दारात बसणार.

२३ जानेवारी

सोसायटीच्या पायरीवर बसून लिहितेय. चरखे पालथे घालून बसलोय, नऊच जणी. आत पुरुषांची मीटिंग चाललीय. समोर महादेवरावांचं घर, सकाळपासून खटखट, खटखट — डोकं उठलं.

आता एक माग थांबला. अजून एक.

सगळेच थांबले! मावशीनं मला कोपरानं ढोसलं.

गोपिकाबाई आल्या. मागं दोन्ही सुना, डोक्यावर चरखे. थेट माझ्यापाशी.

"सरक वं पोरी. बसू दे."