परत आलेलं पदक

मी, मार्था जोसेफ खरात, वय चौऱ्याहत्तर, राहणार भोकरदन, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. बुद्धी ठिकाणावर आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही. फौजेत भरती झालेला नातू आर्यन परवा सीमेवर जाणार, त्याआधी हे उरकायचं आहे.

१. राहतं घर मुलगी साधना हिला. मागचा पत्रा गळतो, तो आधी बदलावा.

२. दीर शांतवन यांना माझ्या दिवंगत यजमानांची काठी. एकाहत्तरच्या लढाईत यजमानांनी बंदुकीच्या संगिनीने एक माणूस मारला. दीर त्यांना चर्चच्या भर मंडळीत खुनी म्हणाले. येशूने पेत्राला तलवार म्यानात घालायला लावली, हे त्यांचं म्हणणं. पाळकसाहेब म्हणाले, दुबळ्यांना राखायला शस्त्र धरणं पाप नव्हे, दाविदानेही धरलं. दोघांना शास्त्र पाठ. यजमान मात्र मागच्या बाकावर बसून प्रभुभोजनातला द्राक्षरसाचा प्याला न पिता पुढे सरकवत राहिले. म्हणायचे, "मार्था, हुकूम पाळला ते बराबर हाय. पण देवाची आज्ञा मोडली, तिचं काय करू?" त्या बाकावर येऊन दोघांपैकी कोणी बसलं नाही. माझा राग दोघांना निम्मा निम्मा.

३. त्या लढाईसाठी यजमानांना मिळालेलं पदक. हे कलम दोनदा लिहून फाडलं. कापणीच्या सणाला आम्ही जोंधळा, कोंबड्या देवाला अर्पण करतो, मग मंडळीत त्यांचा लिलाव होतो. एका वर्षी यजमानांनी जोंधळ्याच्या टोपलीत पदक ठेवलं. त्यांना ते देवाच्या पायाशी टाकून मोकळं व्हायचं होतं. लोकांना वाटलं, केवढं देशप्रेम! मंडळीतले पुढारी अण्णासाहेब यांनी मोठी बोली लावून ते घेतलं आणि टाळ्यांच्या गजरात यांच्याच छातीवर लावलं. घरी येताच यांनी ते काढून ट्रंकेच्या तळाशी टाकलं.

काल आर्यन म्हणाला, "आजी, आजोबाचं मेडल मला दे. अन् सांग, मी कुणाला मारलं तर देव माफ करील का?"

"मला न्हाई ठाऊक, लेकरा," मी म्हणाले. खरंच नाही ठाऊक. त्याला माझा आशीर्वाद आहे. पदक त्याला मिळणार नाही.

४. माझ्या अंत्यविधीला प्रवचन नको, प्रभुभोजन ठेवा. दीर आणि पाळकसाहेबांनी मागच्या बाकावर आर्यनच्या दोन बाजूंना बसावं. त्याने प्याला सरकवला, तर त्या दोघांनीही सरकवावा.

५. पदक माझ्या उजव्या हातात देऊन मग पेटी बंद करा. यांनी देवाला दिलेलं माणसांनी परत केलं. या वेळी मी स्वतः नेऊन देते, आणि आर्यनचा प्रश्नही तिथेच विचारते.

सही : मार्था जोसेफ खरात
आमच्यासमोर सही केली : कडूबा सोनवणे, तृप्ती म्हस्के
भोकरदन, ९ नोव्हेंबर २०२५