पिल्लाचं जावळ

आबा, आज सकाळी माझ्या हाताला पुन्हा ती रेघ लागली. तीच, मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरून गेलेली, बोटभर रुंद, आजूबाजूच्या केसांपेक्षा राठ. नातवानं हट्ट करून आणलेलं कुत्र्याचं पिल्लू आहे आमच्याकडं, इथं सांगलीत, तिसऱ्या मजल्यावर. हल्ली घरभर केस. सतरंजीवर केस, भातात केस. सून म्हणाली, "आई, ह्याला नक्की काहीतरी झालंय, डॉक्टरकडं न्यायला पाहिजे." मी म्हटलं, ने बाई, पण आधी इकडं आण. मांडीवर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. तीच रेघ. इतकी वर्षं गेली, पण हात विसरला नव्हता. तिला म्हटलं, "काही झालेलं नाही, जावळ जातंय त्याचं." मग मी आत आले आणि कागद घेऊन बसले. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगणार?

माझ्या लहानपणीचं ते पिल्लू आपल्याकडं कसं आलं, आठवतंय ना? दुष्काळाचं साल होतं. माणदेशातले मेंढके मेंढरं घेऊन आपल्या उसाच्या मुलखात उतरले होते आणि आपल्या कुंडलच्या रानात तुम्ही खतासाठी कळप बसवून घेतला होता. त्यांना जोंधळे द्यायला तुम्ही निघालात, मी मागं लागले. त्या मेंढकीणबाईनं घोंगड्यातनं एक गोळा काढला आणि माझ्या परकरात टाकला. "घे गं लेकी. आमच्या मागं चालायचं न्हाई ह्ये, लय बारकं हाय." उंदराच्या रंगाचं होतं. आणि आबा, काय मऊ, काय मऊ! सावरीचं बोंड उकलून तळहातावर धरावं तसं. त्या केसांना बाजूच नव्हती. डोक्याकडून शेपटीकडं हात फिरवा, नाहीतर शेपटीकडून डोक्याकडं, सगळं सारखंच. चमक म्हणून नाही. आणि पाण्याचा थेंब पडला की थेट कातडीपर्यंत मुरायचा, मग ते चुलीजवळ कुडकुडत बसायचं.

तुम्ही तेव्हा नुकतेच मिलिटरीतनं पेन्शनीवर आला होता. बूट दाराबाहेर एका रेषेत, अंथरुणाच्या घड्या सरळ, आणि आम्ही पोटची पोरं तुमच्या सावलीलाही बिचकून. हसलात तरी ते मिशीखालीच राहायचं. पिल्लू बघून म्हणालात, "राहू दे. पर नाव ठेवायचं न्हाई. नाव ठेवलं की माया लागती." म्हणून ते नुसतं पिल्लूच राहिलं. मी शाळेतनं आले की आधी त्याच्या पोटात नाक खुपसायची, मग दप्तर खाली. आई म्हणायची, "ही पोरगी भाकरी खाणार हाय का कुत्रं?"

मग थंडी सरायला लागली आणि ते केस जायला लागले. कानामागं विरळ झाले, मग बरगडीवर, मांडीवर चट्टे. मी हात फिरवला की मुठीत करड्या केसांचा पुंजका यायचा. तोंड लांबट झालं, पाय काटकुळे. असं ध्यान दिसायला लागलं म्हणता! मी ते पुंजके लपवायची, दप्तराच्या खणात कोंबायची. पण तुमच्या नजरेतनं काय सुटतंय? एका संध्याकाळी तुम्ही कंदील खाली धरून त्याला बघितलंत आणि म्हणालात, "लूत लागलीया ह्याला. घरात रांगतं पोर हाय. परवा आष्ट्याकडं गाडी जायची हाय, नदीपल्याड सोडून येतो." मी तोंड उघडलं, तर एकच शब्द, "बस!" मिलिटरीतला. त्यावर आईसुद्धा काही बोलायची नाही. तुम्ही दुष्ट नव्हता, हे मला आता कळतं. आपला रांगता धाकटा नुकता कुठं आजारातनं उठला होता. पण तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाच्या छातीत दगड आहे.

आई भाकऱ्या थापत होती. मी तिच्या पाठीला डोकं टेकून रडत बसले. ती हात न थांबवता म्हणाली, "आगं, लूत कशाची, जावळ असंल ते. तुझंबी हुतं की तसंच, मेंढरावानी. जावळ गेल्याबिगर खरा केस येतोय व्हय?" मी डोळे पुसले. म्हटलं, मग ते काढायला नको? तर ती हसली. "काढायचं म्हंजी मामाच्या मांडीवर बसाय लागतं. ह्याचा मामा कुटं हाय?" तिनं आपली चेष्टा केली. माझी समजूत घालायला बोलली, तिला तरी काय माहीत होतं! पण मी ते गाठीशी बांधलं, कारण दुसऱ्याच दिवशी आपल्या धाकट्याचं जावळ होतं आणि त्यासाठी मामा दहिवडीहून आलाच होता.

ती सकाळ मला अजून दिसते. अंगणात सडा घातलाय. मामा पाटावर मांडी घालून बसलाय, त्याच्या मांडीवर धाकटा आ वासून रडतोय. न्हावीदादा वाटीतल्या पाण्यानं डोकं भिजवतात, वस्तरा फिरवतात, आणि आत्या पदर पसरून एकेक बट झेलते. तुम्ही कोपऱ्यात उभे, पांढरी टोपी, हात मागं. धाकट्याला उचललं, आईनं छातीशी घेतलं, बायका ओवाळायला उठल्या. तेवढ्यात मी गोठ्यात पळते, पिल्लाला उचलून आणते आणि मामाच्या मांडीवर ठेवते. "मामा, आता ह्याचं. आज काडलं न्हाई तर आबा उद्या सोडून येणार हायत."

एवढा हशा! आत्या पदरातले केस सांभाळत हसतेय. न्हावीदादा वस्तरा पाठीमागं लपवतात. "आवं, माज्या हत्याराला बाट लागंल की!" मामा बिचारा अवघडून बसलाय, ढकलता येईना, धरता येईना. आणि मग तुमचा आवाज. "काय लावलंय ह्ये? पावण्यांच्या म्होरं अब्रू घालवतीस?" तुम्ही तरातरा येता, पिल्लाची मानगूट धरता आणि दुसरा हात त्याच्या पोटाखालून घालायचा तो पाठीवरून घसरतो. आणि थांबतो.

तुम्ही पुन्हा हात फिरवता. मानेकडून शेपटीकडं. मग उलटा, शेपटीकडून मानेकडं. मी तुमच्या बोटांकडं बघतेय. तुम्ही उकिडवे बसता, मामाच्या पुढ्यात, इस्त्रीच्या धोतरानं. न बघताच हात लांब करता, "पानी द्या." न्हावीदादा वाटी पुढं करतात. तुम्ही त्यात बोटं बुडवून थेंब शिंपडता. बरगडीवर पडलेले थेंब मुरून जातात, करडे केस कातडीला चिकटतात. पण कण्यावर एक रेघ आहे, तांबूस, आणि तिच्यावर पडलेले थेंब मुरत नाहीत. उभे राहतात. पिल्लू अंग झाडतं, तसे ते घरंगळून जातात, अळूच्या पानावरनं जावेत तसे. तिथं केस नवे होते. एका अंगाला निजलेले, राठ, चकाकणारे. "आयला!" तुम्ही म्हणालात. सासुरवाडीच्या माणसासमोर! तुमच्या तोंडून तो शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता आणि तुमचे डोळे तसे मोठे झालेले कधी बघितले नव्हते.

"पावणं, हात लावा हितं," तुम्ही मामाला म्हणालात. मग न्हावीदादांना, आत्याला, सगळ्यांना बोलावून दाखवलंत. "लूत न्हाई ही. आतनं दुसराच कुत्रा निगायलाय बगा." आई उंबऱ्यातनं म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं, जावळ हाय म्हणून?" आणि तुम्ही, आबा, तुम्ही कबूल केलंत. "म्हटलं हुतंस खरं."

दुपारी धाकट्याचे केस कृष्णेत सोडायला निघालात. दारात थांबलात, माझ्याकडं न बघता विचारलंत, "त्याचं कुटं हायत?" मी दप्तराच्या खणातनं सगळे पुंजके काढून दिले. वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही ते धाकट्याच्या केसांबरोबर एकाच फडक्यात बांधलेत आणि मला म्हणालात, "चल." नदीत दोन्ही एकदम सोडलं. करडं आणि काळं थोडा वेळ बरोबर वाहत गेलं. तुम्ही हात जोडलेत म्हणून मीही जोडले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान तो. लग्नातसुद्धा तसं वाटलं नाही.

मग रोज संध्याकाळी तुमचा तो छंदच झाला. पिल्लाला बोलवायचं, थेंब शिंपडायचे, रेघ किती रुंदावली ते बघायचं. पाटाचं पाणी वाफ्यात पसरावं तशी ती बरगड्यांवर उतरली, मांड्यांवर गेली, शेवटी कानामागं पोचली. उसाला तुरे आले तोवर अंगणात एक तांबडा, तुकतुकीत कुत्रा फिरत होता. त्याच्या अंगावर करडा केस औषधालाही उरला नव्हता. तुम्ही म्हणायचात, "म्या हितंच बसलो हुतो. माज्या डोळ्यांम्होरं बदलला, आन बदलताना दिसला न्हाई." मिशीच्या वर आलेलं तुमचं हसू मी तेव्हा बघितलं. नाव मात्र शेवटपर्यंत ठेवलं नाहीत. माया लागायची ती लागलीच.

आता एक सांगते, आणि मग हा कागद घडी घालून कपाटात ठेवून देते, पाठवायचा तरी कुठं? तुम्ही मिरजेला दवाखान्यात होता, शेवटच्या दुखण्यात. औषधांनी सगळे केस गेले, मिशीसुद्धा. मग जरा बरं वाटलं तेव्हा डोक्यावर नवे केस फुटले. पांढरे, भुरभुरीत, बाळाला असतात तसे. मी रोज उशाशी बसून त्यांवरून हात फिरवायची. पुढून मागं, मग मागून पुढं. एकदा तुम्ही डोळे न उघडताच विचारलंत, "काय बगतीयास गं?" मी म्हटलं, काही नाही आबा, तेल जिरवतेय.

तेल नव्हतं हाताला. रेघ शोधत होते.