आखूड दांडी, लांब दांडी

५ जुलै २०२५
जळगावला जाऊन आलो. यांच्या खुब्याचा सांधा बदलायचाच. वय चौतीस असलं तरी!

डॉक्टरांनी टेबलावर दोन दांड्या ठेवल्या. एक लांब, एक बोटाएवढी. मांडीच्या हाडात दांडी बसवतात, तिच्यावर गोळा. म्हणाले, तरुण माणसाला एक सांधा जन्मभर पुरत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा उघडावं लागतं. आखूड घातली तर तेव्हासाठी हाड शिल्लक राहतं.

यांना पटेना. वायरमन ना! "खांब जितका खोल तितका पक्का. वरवर गाडला की पहिल्या वादळात आडवा." डॉक्टर हसले. लांबही वाईट नाही म्हणाले, वर्षानुवर्षं घालतोय, पण काढायची वेळ आली तर हाड फोडावं लागतं.

परतताना बसमधून धरणगावपर्यंत हे रस्त्याकडेचे खांब बघत होते. मग म्हणाले, "बरं, आखूडच."

८ जुलै
घरात आता दुसऱ्या ऑपरेशनचीच चर्चा, पहिलं राहिलं बाजूला. मी म्हटलं, तेव्हा दवाखान्यात डबा आणायला मी नाही, जावयाला सांगा. हे म्हणाले, "तोपर्यंत तुझे गुडघे गेलेले असतील, शेजारचीच खाट घेऊ." आमची रूपा आत्ता चार वर्षांची. तिचा जावई आम्ही डबा घेऊन उभाही केला.

१५ जुलै
ऑपरेशनची तारीख कानबाईच्या सणानंतरची. सासूबाई अडून बसल्या — देवीच्या रोटांच्या प्रसादाला घरचे सगळे पुरुष हवेत.

२१ जुलै
दुखणं वाढलंय. नव्या एक्स-रेत खुब्याच्या खाली, मांडीच्या हाडातही एक डाग. सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टर या वेळी हसले नाहीत. मला ते अजिबात आवडलं नाही.

२९ जुलै
एकटीच गेले. यांना प्रवास झेपत नाही.

डॉक्टर म्हणाले, "आता लांब दांडी घेऊ. सिमेंटमध्ये बसवू, म्हणजे लगेच पाय टेकता येईल."

मी विचारलं, "मग दुसऱ्या वेळेचं हाड?"

"ताई, दुसऱ्या वेळेचं आता बघायचं नाही."

मग सगळं सांगितलं. मूळ फुप्फुसात आहे, तिथून हाडात उतरलंय. औषधं देऊ, पाय वाचवू, चालतं ठेवू. मी विचारलं, वर्ष तरी? "कदाचित."

आयुष्यात बिडी ओढली नाही या माणसाने. कुणाशी भांडू?

बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने न विचारता खिडकीची जागा दिली. यांना मीच सांगेन, असं डॉक्टरांना बोलून आलेय. पण कसं? कानबाई होऊ दे. घरी सांगितलं, रिपोर्ट यायचाय.

२ ऑगस्ट
रोटांचा गहू मोजला. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. हे खुर्चीवर होते, खाली बसवत नाही आता. सासूबाई डाळ निवडत सारखं बजावत होत्या, "कमी नही, जास्ती नही. माय बठ्ठं देखस." कानबाई माय सगळं बघते म्हणे.

सासऱ्यांची भरली. दिराची भरली. मग यांची. पुढच्या श्रावणात ही मूठ — लिहवत नाही.

"प्रेमराजनी भरी का?" सासूबाईंनी यांचं नाव घेऊन विचारलं. भरली म्हटलं.

४ ऑगस्ट
कानबाईला बोरी नदीवर निरोप देऊन आले. हे ओट्यावर एकटेच बसलेले.

म्हणाले, "परवा माझी मूठ दोनदा भरलीस, दीपा. आईला दिसलं नाही."

मला आठवतच नव्हतं.

"जावयाचं नावही काढत नाहीस हल्ली." यांनी दुखऱ्या मांडीवर हात ठेवला. मग म्हणाले, "दांडी लांबच ना आता?"

मी हो म्हटलं.