वडिलांना शनिवारच्या सहलीत परत घेण्याबाबत

प्रति,
मा. चिटणीस श्रीमती इमेल्डा परेरा,
वसई-ठाणे मराठी ख्रिस्ती मंडळ (पायी सहल शाखा),
नॉर्थ यॉर्क, ऑन्टारिओ.

अर्जदार: डेरिक कास्मिर डाबरे, नॉर्थ यॉर्क.

विषय: माझे वडील श्री. कास्मिर डाबरे यांचे सहल शाखेतून कमी केलेले नाव पूर्ववत करणेबाबत, तसेच त्या अनुषंगाने काही सवलती मिळणेबाबत.

संदर्भ: आपले दि. २२ एप्रिल २०१७ चे पत्र.

महोदया,

मंडळाशी पत्रव्यवहार मराठीतच करावा असा आपला नियम आहे. कॅनडात येण्यापूर्वी मी वसईच्या तहसील कचेरीत लिपिक होतो, त्यामुळे मला त्याची अडचण नाही. खालील बाबी आपल्या सहानुभूतीपूर्वक विचारार्थ सादर करीत आहे.

१. माझे वडील वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. जन्मभर वसईला केळी आणि पानवेलींची वाडी केली. आई वारल्यावर मी त्यांना इकडे आणले. त्यांची स्मरणशक्ती आता भरवशाची नाही, पाय मात्र अजून माझ्यापेक्षा बरे आहेत. वसंत ऋतूतील आपल्या शनिवारच्या सहलींना ते दोन वर्षे नियमित येत होते. सकाळी मोटारींनी शहराबाहेर जायचे, शेताशेतांतून आणि चिखलातून चालायचे आणि दुपारी एखाद्या खेड्यातील पबमध्ये जेवायचे, हा कार्यक्रम त्यांना मानवला होता. पब म्हटल्यावर ते आधी बिचकले होते. तेथे तळलेला मासा मिळतो हे कळल्यावर त्यांची तक्रार राहिली नाही.

२. दि. १ एप्रिल रोजी, म्हणजे उपवासकाळात, वडील आपल्यासोबत आले होते. दुपारी बारा वाजता जिथे असतील तिथे थांबायचे, टोपी काढायची, डोळे मिटायचे आणि बाराची प्रार्थना म्हणायची, हा त्यांचा वाडीवरचा रिवाज आहे. मंडळातील प्रत्येकाच्या घरी हा रिवाज होता. इकडे आल्यावर तो फक्त वडिलांकडे उरला आहे. त्या दिवशी ते एका कुंपणाशी प्रार्थनेला थांबले आणि आपण सर्व पुढे निघून गेलात. ख्रिस्ती मंडळाने ख्रिस्ती माणसाला प्रार्थना करताना सोडून जावे आणि बिअर थंड आहे तोवर पबला पोहोचावे, यावर मी अधिक काही लिहीत नाही.

३. सहलप्रमुख श्री. लेस्टर घोन्साल्विस यांचे म्हणणे की, पबमध्ये त्यांनी मोजदाद केली होती. चौकशीअंती समजले की आपल्याकडे माणसे मोजत नाहीत, ताटे मोजतात. जेवण आदल्या दिवशी फोनवर सांगितलेले असते, त्यामुळे ताटे संपली म्हणजे माणसे आली असे धरले जाते. त्या दिवशी श्री. लेस्टर यांचे मेहुणे राल्फ त्याच भागात होते. ते ऐनवेळी पबमध्ये येऊन बसले आणि त्यांनी माझ्या वडिलांचा मासा खाल्ला. हिशेब बरोबर आला. त्यानंतर सर्वांनी गोड मागवले आणि श्री. लेस्टर यांनी गाणेही म्हटले, असे कळते. मोटारीत एक जागा रिकामी दिसेपर्यंत माझे वडील कोणाला आठवले नाहीत.

४. वडील सापडले ते एका अनोळखी शेतकऱ्याच्या रानात. वितळलेल्या बर्फाचे पाणी सगळीकडे साचले होते. त्यात गुडघाभर उभे राहून ते काठीने पाट काढत होते. आपल्या वाडीत पाणी तुंबले आहे अशी त्यांची समजूत होती. शेतकऱ्याला त्यांनी मराठीतून कामाला लावले होते आणि तो बिचारा फावडे घेऊन खणतही होता. श्री. लेस्टर यांनी मला फोन वेळेवर केला नाही, ही माझी गंभीर तक्रार आहे. फोन आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो, त्यामुळे जेवण आटोपून निघावे लागले व आणखी उशीर झाला.

५. एवढे होऊन समितीने काय करावे? दिलगिरी नाही, भेट नाही. 'सुरक्षिततेच्या कारणास्तव' वडिलांचेच नाव कमी केल्याचे पत्र आले. मी फोन केला तेव्हा श्री. लेस्टर म्हणाले, "डेरिक, इट्स अ लायबिलिटी इश्यू. अंकलना बेबीसिट करायला कोण मोकळं आहे, सांग ना!" हरवलेल्या माणसाला हरवल्याबद्दल शिक्षा देण्याची ही पद्धत मी सरकारी नोकरीतदेखील पाहिलेली नाही.

६. आता आमची अडचण स्पष्ट करणे भाग आहे. आमचा कॉन्डो दोन खोल्यांचा आहे. वडील दिवसभर नळ सोडून ठेवतात, कारण पाणी झाडांना पोहोचले पाहिजे. त्यामुळे खालच्या मजल्याच्या छतातून पाणी गळले. माझी मुलगी निकोल मैत्रिणींना घरी आणत नाही. 'डॅड, ग्रँडपा लॉक्ड हिमसेल्फ इन द वॉशरूम अगेन' एवढेच काय ते ती माझ्याशी बोलते. पत्नी मेलनी नर्स आहे. ती म्हणते, "आठवडाभर मी पेशंटचंच करते, डेरिक. शनिवारी तरी मला माझं घर दे." वडील सहलीला गेले की आमच्या घरात रेडिओ लागत असे. आम्ही तिघे एकत्र बसून जेवत असू आणि कोणी कोणावर ओरडत नसे. समितीने केवळ वडिलांचे नाव कमी केलेले नाही, आमचा शनिवार काढून घेतला आहे. महोदया, मी वाईट माणूस नाही. मी फार थकलो आहे.

७. तरी वडिलांचे नाव पूर्ववत करून खालील सवलती मिळाव्यात, ही विनंती.

(अ) शनिवारसोबत रविवारीही, मिस्सा झाल्यावर, सहल काढावी. समितीस शक्य नसल्यास वडिलांना एकटेच नेऊन सोडण्यास आमची हरकत नाही.

(आ) सध्याच्या वाटा फार लवकर संपतात. लांबच्या निवडाव्यात. शक्यतो वस्ती कमी असलेल्या.

(इ) पबमधील जेवण वडिलांसाठी मागवले नाही तरी चालेल. जेवलो की नाही हे त्यांना आठवत नाही. श्री. राल्फ यांची सोय त्याच ताटात होऊ शकेल.

(ई) बारा वाजता ते थांबल्यास त्यांना हाक मारू नये. प्रार्थनेत व्यत्यय आलेला त्यांना आवडत नाही.

(उ) ते पुन्हा मागे राहिल्यास लगेच धावपळ करण्याचे कारण नाही. मागील खेपेस शेतकऱ्याने पोलिसांना कळवण्याची घाई केली. रात्रीच्या थंडीत माणूस दमून कोठेतरी शांत बसतो, त्याला त्रास होत नाही, असे मेलनी सांगते आणि तिला यातले कळते. अशा प्रसंगी आमच्याकडून मंडळाविरुद्ध कोणतीही तक्रार येणार नाही, याची लेखी हमी सोबत जोडली आहे. त्यावर वडिलांची सही आहे. कागद कशाचा हे त्यांनी विचारले नाही. सही कुठे करायची एवढेच विचारले, आणि माझ्या हाताला धरून माझे अक्षर छान आहे असे म्हणाले.

८. उन्हाळा तोंडावर आला आहे आणि या मोसमाच्या थोड्याच सहली उरल्या आहेत, म्हणून निर्णय त्वरित व्हावा. नाव कमी झाल्याचे मी वडिलांना कळवलेले नाही. बर्फ वितळेपर्यंत सहली बंद आहेत असे सांगितले आहे. काल ते बाल्कनीत बसले होते. समोरची झाडे हिरवीगार झाली आहेत आणि खाली मुले अर्ध्या चड्डीत सायकली चालवत होती. वडिलांनी बराच वेळ ते पाहिले आणि मला विचारले, "डेरिक, बर्फ गेला काय रे?" मी नाही म्हणालो. "तू म्हणतोस तर असेल," असे म्हणून त्यांनी लोकरीचा कोट मागितला. मी आणून दिला आणि गळ्यापर्यंत बटणे लावून दिली.

आपला नम्र आणि आपल्या होकारावर सर्वस्वी अवलंबून असलेला,

(सही)
डेरिक कास्मिर डाबरे
दि. २७ मे २०१७

सोबत:
१. डॉक्टरांचा दाखला (फक्त पायांपुरता).
२. लेखी हमी, वडिलांच्या सहीसह.